पंपाविना वाहते पाणी : औरंगाबादची पाणचक्की व पुण्याची कात्रज नहर यांतील जलाभिसरण आणि शुद्धीकरण व्यवस्थेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

उद्यानातील हौद, पुष्करणी किंवा कारंजे यांचा विचार इतिहासलेखनात बहुधा शोभेच्या अंगाने झालेला आहे. राजवाडे, मकबरे व दर्गे यांच्या वर्णनात हौदाची लांबी-रुंदी सांगितली जाते, कारंज्यांची संख्या दिली जाते आणि बांधविणाऱ्याचे नाव नोंदविले जाते. त्या हौदातील पाणी वर्षानुवर्षे स्वच्छ कसे राहत असे, ते कोठून येई, कोठे जाई आणि त्याला गती कोण देई, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. साचलेले पाणी काही दिवसांत हिरवे पडते, त्यास वास येतो, त्यात डासांची पैदास होते, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. आज या अडचणीवर विजेचा पंप व त्यास जोडलेली गाळणयंत्रणा हा उपाय योजला जातो. हे साधन उपलब्ध नसलेल्या काळात दख्खनच्या कोरड्या पठारावर मोठमोठे हौद वाहते ठेवले गेले. यामागील व्यवस्था समजून घेणे हा प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे.

त्यासाठी दोन उदाहरणे निवडली आहेत. पहिले औरंगाबाद (इ. स. २०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर) येथील पाणचक्कीचा हौद व त्यास पाणी पुरविणारी नहर, आणि दुसरे कात्रजहून पुण्यात आणलेली पेशवेकालीन नहर. पहिल्या उदाहरणाचा विचार विस्ताराने केला असून दुसरे तुलनेसाठी घेतले आहे.

१. अभ्यासाची उद्दिष्टे

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (अ) पाणचक्कीच्या बांधकामाविषयी प्रचलित असलेल्या सनावळीची चिकित्सा करणे. (आ) बाह्य यंत्रशक्तीशिवाय हौदातील पाणी कसे वाहते व निवळलेले राहत असे, याचे भौतिक तत्त्वांच्या आधारे विवेचन करणे. (इ) या व्यवस्थेमागील श्रम, निगा व आश्रय यांचा विचार करणे. (ई) या वास्तूंच्या जतनाबाबत सध्या रूढ असलेल्या दृष्टिकोनाचे परीक्षण करणे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

मलिक अंबर (मृत्यू इ. स. १६२६) हा मूळचा इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला जात जात तो अहमदनगरच्या निजामशाहीत पोहोचला आणि पुढे त्या राज्याचा कर्ताधर्ता झाला. इ. स. १६१० च्या सुमारास त्याने खडकी येथे नगर वसविले. खडकीच्या नावातच तेथील भूमीचे वर्णन आहे. खाली दख्खनचा काळा पाषाण, वर मुरमाचा व मातीचा पातळ थर, जवळून वाहणारी पण बारमाही भरवसा नसलेली खाम नदी, अशा ठिकाणी मोठी वस्ती उभी करावयाची तर पाण्याचा प्रश्न आधी सोडविणे भाग होते. त्यातून ‘नहर-ए-अंबरी’ आकाराला आली. उत्तरेकडील टेकड्यांच्या पायथ्याशी मुरणारे पाणी भूमिगत बांधीव मार्गात गोळा करून ते केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्यात आले.

भूगर्भातील पाणी उताराने बाहेर आणण्याची कल्पना इराणातील ‘कनात’ या प्राचीन पद्धतीशी नाते सांगते. याच काळात, म्हणजे इ. स. १६१५ च्या सुमारास, बऱ्हाणपूर येथे मोगलांनी अशाच स्वरूपाची योजना राबविली होती. ती आज ‘कुंडी भंडारा’ किंवा ‘खुनी भंडारा’ या नावाने ओळखली जाते. म्हणजे एकमेकांशी लढणाऱ्या दोन सत्ता पाण्याच्या बाबतीत एकाच ज्ञानपरंपरेचा आधार घेत होत्या. हे ज्ञान एखाद्या राजवटीचे नव्हते. ते कारागिरांबरोबर प्रवास करीत होते, असे म्हणावयास येथे आधार मिळतो.

मलिक अंबरानंतर शहराचे नाव प्रथम फतेहनगर व औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीच्या काळात औरंगाबाद झाले. इ. स. १६५७ मध्ये मृत्यू पावलेल्या दिलरस बानू बेगमेचा मकबरा, म्हणजे ‘बीबी का मकबरा’, इ. स. १६६० च्या सुमारास उभा राहिला. त्याच्या चारबागेतील पाट व कारंजी यांनाही वाहते पाणी लागत होते. लोकसंख्या व बागा वाढल्या तशा नव्या नहरी काढल्या गेल्या. पाणचक्कीची नहर ही त्यांपैकी एक होय.

३. पाणचक्कीच्या काळनिश्चितीचा प्रश्न

पाणचक्कीचा परिसर हे मूलतः नक्शबंदी परंपरेतील सूफींचे ठाणे होते. बाबा शाह सईद पलंगपोश (मृत्यू इ. स. १६९९) आणि त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर (मृत्यू इ. स. १७१४-१५) हे दोघेही मध्य आशियातून दख्खनमध्ये आले. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याजवळील गिजदुवानचे. त्यांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी या दोघांच्या आठवणी फारसी भाषेत ‘मल्फुजात-ए-नक्शबंदिया’ या ग्रंथात संकलित केल्या. सायमन डिग्बी यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद इ. स. २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

पाणचक्कीच्या बांधकामाविषयी दोन सन सांगितले जातात. एका परंपरेनुसार इ. स. १६९५ मध्ये तुर्कताज खान या सरदाराने नहर व चक्की बांधली आणि त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी जमील बेग खानाने लांबट हौद व कारंजी यांची भर घातली. दुसऱ्या, पर्यटनविषयक लेखनात वारंवार आढळणाऱ्या विधानानुसार पाणचक्की इ. स. १७४४ मध्ये बाबा शाह मुसाफिर यांनी बांधली. यांपैकी दुसरे विधान त्याच्या प्रचलित स्वरूपात स्वीकारता येत नाही. कारण बाबा शाह मुसाफिर त्यापूर्वी जवळजवळ तीस वर्षे निवर्तले होते. इ. स. १७४४ हा सन ग्राह्य धरावयाचा तर ते काम शाह महमूद यांच्या कारकिर्दीतील मानावे लागते.

पहिले विधानही सावधपणे घ्यावयास हवे. तुर्कताज खान हा निजाम-उल-मुल्क आसफजाह याच्या पदरचा सरदार असल्याचे सांगितले जाते. निजाम-उल-मुल्क दख्खनचा सुभेदार झाला तो इ. स. १७१३ मध्ये. तथापि तो त्यापूर्वीही औरंगजेबाच्या सैन्याबरोबर दख्खनमध्ये वावरत होता, हे लक्षात घेता १६९५ हा सन केवळ या कारणास्तव त्याज्य ठरत नाही. सर्व बाबींचा एकत्रित विचार करता असे अनुमान निघते की पाणचक्की हे एका वर्षी, एका व्यक्तीने पूर्ण केलेले बांधकाम नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत, सुमारे अर्धशतकात, नहर, चक्की, हौद व कारंजी अशा क्रमाने ते वाढत गेले. पुढे दिसून येईल की हा क्रम तांत्रिक दृष्ट्याही सुसंगत आहे. आधी पाणी आले, मग त्याच्या शक्तीचा उपयोग झाला आणि शेवटी त्याची शोभा झाली.

४. पाण्याचा मार्ग व गती

पाणचक्कीच्या नहरीचा उगम शहराच्या उत्तरेस, हर्सूलच्या बाजूस, काही किलोमीटर अंतरावर आहे. तेथील पाणी चुनेगच्ची बांधकामात बसविलेल्या खापरी नळांतून आणले आहे. या नळमार्गाचे वैशिष्ट्य असे की तो सर्वत्र एकसारखा उतरत नाही. दर्ग्याच्या परिसरात आल्यावर पाणी एका उंच भिंतीवर चढते आणि तेथून सुमारे २० फूट उंचीवरून हौदात कोसळते. पंपाशिवाय पाणी वर कसे चढते, याचे सामान्य प्रेक्षकास नवल वाटते. वस्तुतः यात चमत्कार नाही. बंद नळातील पाणी उगमाच्या पातळीपर्यंत (घर्षणामुळे होणारी घट वजा जाता) पुन्हा चढू शकते. उगम भिंतीच्या माथ्यापेक्षा उंचावर आहे, म्हणूनच पाणी खोलगट भाग ओलांडून भिंतीवर येते. येथे खरे कौशल्य आहे ते पातळी मोजण्याचे. काही किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणांच्या उंचीतील फरक अचूक हेरल्याशिवाय भिंतीची उंची ठरविता येणे शक्य नव्हते. ती थोडी जास्त झाली असती तर पाणी चढलेच नसते. फार कमी झाली असती तर चक्की फिरण्यास लागणारा जोर मिळाला नसता.

या जोराचे मान ध्यानात यावे म्हणून एक साधे गणित मांडता येईल. २० फूट म्हणजे सुमारे ६ मीटर. उदाहरणादाखल दर सेकंदास १० लिटर पाणी या उंचीवरून पडते असे धरले, तर त्यातून सुमारे ५९० वॅट, म्हणजे पाऊण अश्वशक्तीहून किंचित अधिक, शक्ती सिद्धांततः मिळते. प्रत्यक्षात तिचा काही भागच कामी येतो. तरीही दळणाचे जाते अखंड फिरविण्यास ती पुरेशी आहे. या चक्कीवर दर्ग्यात येणारे फकीर, यात्रेकरू व सैनिक यांच्यासाठी धान्य दळले जाई. म्हणजे जे पाणी हौदास ताजे ठेवीत होते तेच अन्नही पुरवीत होते.

यंत्राविना ‘अभिसरण’ या शब्दाचा अर्थ येथे नेमका करणे आवश्यक आहे. पंपाच्या साहाय्याने केलेले अभिसरण बंद चक्राचे असते. तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा हौदात सोडले जाते. बाहेरून शक्ती दिल्याशिवाय असे बंद चक्र चालू शकत नाही, कारण खाली आलेले पाणी आपणहून वर जात नाही. पाणचक्कीची व्यवस्था ही खुल्या प्रवाहाची आहे. नवे पाणी एका बाजूने येते, जुने पाणी दुसऱ्या बाजूने ओसंडून खाम नदीत जाते. चक्र पूर्ण होते ते हौदात नव्हे, तर निसर्गात. सूर्याच्या उष्णतेने वर गेलेले पाणी टेकड्यांवर पावसाच्या रूपाने पडते, मुरते आणि नहरीत उतरते. या अर्थाने नहर बांधणाऱ्यांनी पंप टाळला नाही, तर पावसाचाच पंप म्हणून उपयोग करून घेतला, असे म्हणता येईल.

५. शुद्धीकरणाच्या पायऱ्या

या मार्गावर पाणी किमान चार टप्प्यांत स्वच्छ होत असे.

पहिला टप्पा भूमीचा. नहरीत येणारे पाणी ओढ्यावरून थेट घेतलेले नसून माती व मुरूम यांतून झिरपलेले असते. त्यामुळे पालापाचोळा व चिखल मुळातच मागे राहतो. युरोपात वाळूच्या थरातून संथपणे पाणी गाळण्याची नगरव्यवस्था एकोणिसाव्या शतकात आली. स्कॉटलंडमधील पेझली येथे जॉन गिब याने इ. स. १८०४ मध्ये आणि लंडनमध्ये जेम्स सिम्प्सन याने इ. स. १८२९ मध्ये अशा गाळण्या उभारल्या. नहरींमध्ये हेच कार्य भूमीकडून होत होते. तथापि या साम्यावरून दख्खनच्या कारागिरांनी युरोपीय शोध आधीच लावला होता, असा निष्कर्ष काढणे उचित नव्हे. एकात गाळणीची जाडी, वेग व साफसफाई मनुष्याच्या नियंत्रणात आहे. दुसऱ्यात नैसर्गिक स्थितीचा चतुर उपयोग आहे.

दुसरा टप्पा अंधाराचा. भूमिगत मार्गात सूर्यप्रकाश पोहोचत नसल्याने तेथे शेवाळ वाढत नाही व पाणी थंड राहते.

तिसरा टप्पा प्रपाताचा. उंचावरून पडताना पाणी फुटते, हवेत मिसळते आणि त्यात प्राणवायू विरघळतो. जमिनीखालून आलेल्या पाण्यातील कोंडलेले वायू निघून जातात, वास नाहीसा होतो आणि विरघळलेले लोह असल्यास ते तळाशी बसण्याजोगे होते. कारंज्यांचेही कार्य हेच. शोभा व उपयोग यांची येथे फारकत करता येत नाही.

चौथा टप्पा निवळण्याचा. हौदाची लांबी १६४ फूट व रुंदी ३१ फूट सांगितली जाते. म्हणजे पृष्ठभाग ५,००० चौरस फुटांहून अधिक आहे. अरुंद नळातून वेगाने आलेले पाणी एवढ्या विस्तारात शिरताच त्याची गती अत्यंत मंदावते आणि उरलेसुरले कण तळाशी बसतात. लांबट आकाराचे प्रयोजनही येथे स्पष्ट होते. पाणी ज्या टोकाकडून निघते त्या टोकापर्यंत पोहोचण्यास त्याला वेळ मिळतो. निवळण्याची ही कल्पना घरोघरी परिचित होती. माठाच्या आतील बाजूस निवळीची बी घासणे, तुरटी फिरविणे, वस्त्रगाळ करणे या नित्याच्या गोष्टी होत्या. विजापूरच्या आदिलशाही पाणीपुरवठ्यातही ‘गंज’ नावाचे उंच मनोरे नळमार्गावर जागोजागी उभारले होते. त्यांत पाण्याचा दाब कमी होई व गाळ खाली बसे. दख्खनमध्ये दोन ठिकाणी एकच तत्त्व निरनिराळ्या रूपांत वापरले गेल्याचे यावरून दिसते.

पाणचक्कीच्या हौदाचा तळ हा खालील प्रशस्त दालनाचे छत आहे. खांबांवर पेललेल्या या छतावरील पाण्यामुळे दालन उन्हाळ्यातही थंड राहते. म्हणजे एकाच प्रवाहाने दळण, स्नान, शोभा आणि गारवा ही कामे साधली.

येथे एक मर्यादा नोंदविणे प्राप्त आहे. त्या काळी पाण्याची परीक्षा रंग, वास, चव व थंडावा यांवरून होई. सूक्ष्मजंतूंची कल्पना त्यांना नव्हती व ती असण्याचे कारणही नव्हते. भूमीतून गाळलेले पाणी जंतुरहित असतेच असे नाही. म्हणून ‘आजच्या शुद्धीकरण केंद्राहूनही श्रेष्ठ व्यवस्था’ अशा स्वरूपाची विधाने अभिमानास सुखावणारी असली तरी इतिहासास धरून नाहीत.

६. तुलना : कात्रज ते शनिवारवाडा

पुण्यात पेशव्यांची सत्ता स्थिरावल्यावर तेथेही हाच प्रश्न उभा राहिला. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत (इ. स. १७४०-१७६१) कात्रज येथे तलाव बांधून तेथील पाणी भूमिगत दगडी मार्गाने शहरात आणले गेले. हा मार्ग मनुष्यास आत उतरून चालता येईल एवढा प्रशस्त असून त्यावर ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ ठेवले आहेत. उच्छ्वासांमुळे कोंडलेली हवा बाहेर पडे आणि गाळ काढणाऱ्यांना आत उतरता येई. शहरात हे पाणी निरनिराळ्या हौदांत खेळविले जाई. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी आजही आहेत. शनिवारवाड्यातही हेच पाणी होते. सवाई माधवरावांच्या काळाशी निगडित असलेले तेथील कमळाकृती हजारी कारंजे याच गुरुत्वीय दाबावर उडत असे.

दोन्ही व्यवस्थांत उगम उंचावर, मार्ग भूमिगत आणि शेवट हौदात आहे. भेद मात्र महत्त्वाचे आहेत. औरंगाबादेस मुरलेले पाणी गोळा केले जाते. कात्रजला पावसाचे पाणी उघड्या तलावात साठविले जाते. त्यामुळे कात्रजला गाळ निवळण्याचे काम प्रथम तलावावरच पडते. लागोपाठच्या दोन तलावांमुळे वरच्या तलावात जड गाळ थोपून राहतो व खालच्यात तुलनेने निवळ पाणी उतरते. पाणचक्कीच्या बंद खापरी नळात दाब साठविला जातो. कात्रजच्या मोठ्या मार्गात पाणी बहुतांशी मोकळेपणी वाहते. पहिल्यात नळ फुटण्याचा व तुंबण्याचा धोका अधिक, दुसऱ्यात बांधकामाचा खर्च अधिक. परिस्थितीनुसार निवड झालेली दिसते. धर्म किंवा राजवट यांवरून या तंत्राचे विभाजन करणे निरर्थक ठरते.

७. श्रम, निगा व आश्रय

यंत्राविना चालणारी व्यवस्था आपोआप चालते, हा समज चुकीचा आहे. नळात झाडांची मुळे शिरतात, चुनखडी साचते, सांधे सुटतात. हौदाच्या तळाशी बसलेला गाळ उपसावा लागतो. तो उपसला नाही तर निवळणारा हौदच पाणी नासविण्यास कारण होतो. ही कामे करणाऱ्या बेलदार, गवंडी व सफाई करणाऱ्यांची नावे शिलालेखांत कोरली गेली नाहीत. बांधविणाऱ्या सरदारांची नावे राहिली, पाणी वाहते ठेवणाऱ्यांची राहिली नाहीत. बीबी का मकबऱ्याच्या दरवाजावर अताउल्ला व हंसपतराय यांची नावे आहेत, तो अपवादच समजावा लागतो.

ही निगा आश्रयावर अवलंबून होती. इ. स. १७६३ मध्ये निजाम अली खानाने राजधानी हैदराबादला हलविली. दरबार गेला, सरदारांचे वाडे ओस पडले व त्यांबरोबर बहुतेक नहरींची देखभालही खालावली. पाणचक्कीची नहर तुलनेने अधिक काळ टिकली, याचे एक कारण ती दर्ग्याशी निगडित होती हे असावे. दरबार हलतो, दर्गा हलत नाही. त्याचे उत्पन्न व त्यावरील श्रद्धा यांतून दुरुस्ती होत राहिली. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालयही याच परिसरात आहे.

८. आधुनिक काळ व जतनाचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगाबादचा पाणीपुरवठा जायकवाडी धरणावर आला. गोदावरीचे पाणी पंपाने उपसून दूर अंतरावरून व कमी उंचीवरून शहरात चढविले जाऊ लागले. वाढत्या लोकसंख्येस नहरी पुरणे शक्यच नव्हते, हे मान्य केले पाहिजे. परंतु नव्या योजनेबरोबर जुन्या व्यवस्थेकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. नहर हा पाणीपुरवठा न राहता ‘वारसा’ झाला, आणि वारसा म्हणजे डोळ्यांना दिसते तेवढेच, असा अर्थ रूढ झाला. हौद, भिंत, चक्की दिसतात. जमिनीखालील नळ व टेकडीच्या पायथ्याची मुरणारी जमीन दिसत नाही. घरे, रस्ते, विंधनविहिरी यांची आक्रमणे याच न दिसणाऱ्या भागावर झाली.

उद्या पाणचक्कीच्या हौदावर विजेचा पंप बसवून तेच पाणी फिरते ठेवणे अवघड नाही. प्रेक्षकास फरकही कळणार नाही. पण तसे झाल्यास जतन होईल ते आकाराचे, व्यवस्थेचे नव्हे. नहरीचे पाणी आटणे ही टेकड्यांवरील मुरण थांबल्याची पहिली सूचना असते. पंप ती सूचनाच बंद करून टाकील.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. पाणचक्की इ. स. १७४४ मध्ये बाबा शाह मुसाफिर यांनी बांधली, हे प्रचलित विधान त्यांच्या मृत्यूच्या सनाशी विसंगत आहे. हे बांधकाम सतराव्या शतकाच्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने झाले असावे.

२. पंपाविना चालणारी हौदांची व्यवस्था ही बंद चक्राची नसून खुल्या प्रवाहाची होती. तिची शक्ती उंचीतील फरकातून व पावसातून येत असे.

३. भूमीतून झिरपणे, भूमिगत वहन, प्रपात व निवळणे या चार टप्प्यांनी पाणी स्वच्छ होत असे. त्यास आधुनिक अर्थाने जंतुरहित मानता येत नाही.

४. व्यवस्था टिकण्यात बांधकामाइतकाच सततच्या निगेचा व स्थिर आश्रयाचा वाटा होता.

५. अशा वास्तूंच्या संरक्षणाची सीमा हौदाच्या काठाशी न थांबता नळमार्ग व उगमाचे पाणलोटक्षेत्र येथपर्यंत जावयास हवी. महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल व भूशास्त्र या विभागांनी आपापल्या परिसरातील नहरींचे संयुक्त सर्वेक्षण हाती घेतल्यास, जमिनीखालचा हा इतिहास नकाशावर तरी येईल. नकाशावर आलेल्या गोष्टीचे रक्षण करा असे म्हणता येते. जी नकाशावरच नाही, ती नष्ट झाल्याचेही कोणास कळत नाही.